महायुद्धापूर्वीचे बडे कौन्सिल आणि त्यातले लोकनियुक्त सभासद

ब्रिटिश हिंदुस्थानचे वरिष्ठ कायदेकौन्सिल १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर ज्या नव्या रूपात २५ जानेवारी १९१० रोजी कलकत्त्याला प्रथम भरले, ते रूप पुढे जेमतेम दहा वर्षे टिकले. त्यातलीही पहिली साडेचार वर्षे, म्हणजे ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्धाचा भडका उडेपर्यंतचा काळ, हीच त्या रचनेची खरी कसोटी होती. कारण युद्ध सुरू झाल्यावर वादाचे विषय बाजूला ठेवण्याकडे दोन्ही बाजूंचा कल झाला आणि कौन्सिलच्या कामाचा सूरच बदलला. निवडून आलेल्या माणसांना जेथे प्रश्न विचारता येतो, भाषण करता येते, मतही देता येते, पण सरकारच्या मनाविरुद्ध मत जिंकता मात्र कधीच येत नाही, अशा सभागृहात नेमके काय साधता येते, हा प्रश्न या साडेचार वर्षांच्या कामकाजातून जितका स्पष्ट दिसतो तितका तो पुढच्या काळात दिसत नाही.

हे कौन्सिल मुळात स्वतंत्र संस्था नव्हतेच. १८६१ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाला केवळ कायदे करण्यापुरते काही ‘जादा सभासद’ जोडून दिले होते, आणि या जादा माणसांसह भरणारे कार्यकारी मंडळ म्हणजेच कायदेकौन्सिल, अशी त्याची घडण होती. १८९२ च्या कायद्याने जादा सभासदांची संख्या १६ पर्यंत वाढली, वार्षिक अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, आणि निवडणूक हा शब्द टाळून का होईना, काही जागांसाठी बिनसरकारी संस्थांनी नावे सुचवावीत व सरकारने ती नेमावीत, अशी वाट उघडली. गोपाळ कृष्ण गोखले फिरोजशहा मेहतांच्या जागी मुंबई इलाख्यातर्फे या कौन्सिलात गेले ते याच वाटेने, आणि २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी केलेले अंदाजपत्रकावरील पहिलेच भाषण गाजले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक उरते म्हणजे देश सुखी आहे असे नव्हे, उलट ती शिल्लक गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्याची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले होते. मिठावरचा कर त्या वेळी मणामागे अडीच रुपये होता. १९०३, १९०५ आणि १९०७ या तीन टप्प्यांत तो एक रुपयावर आला. ही कपात एकट्या गोखल्यांमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण दरवर्षी त्याच मागणीला नवे आकडे जोडून सरकारला उत्तर देण्यास भाग पाडण्याची जी पद्धत पुढे १९१० नंतर पक्की झाली, तिचा पाया येथे घातला गेला.

मोर्ले-मिंटो सुधारणांनी जादा सभासदांची कमाल संख्या ६० केली. व्हाइसरॉय आणि पदसिद्ध सभासद धरून कौन्सिल एकूण ६९ जणांचे झाले. त्यांपैकी ३७ सरकारी आणि ३२ बिनसरकारी, आणि त्या ३२ मधलेही पाच सरकारने नेमलेले, म्हणजे प्रत्यक्ष निवडून येणारे फक्त २७. प्रांतिक कौन्सिलांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत मान्य करणाऱ्या भारतमंत्री मोर्ले यांनी मध्यवर्ती कौन्सिलात मात्र सरकारी बहुमत हवेच असा आग्रह धरला होता, आणि हिंदुस्थानात पार्लमेंटरी पद्धत आणण्याशी या सुधारणांचा काहीही संबंध नाही, हे त्यांनी डिसेंबर १९०८ मध्ये उमरावांच्या सभागृहात निक्षून सांगितले होते. सरकारी सभासदाने सरकारच्या बाजूनेच मत द्यायचे हे गृहीत होते. त्यामुळे मतदानाची वेळ येण्याआधीच निकाल ठरलेला असे, आणि हे कौन्सिलमधल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

या २७ जणांना निवडून देणारे कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांपैकी १३ जागा साधारण स्वरूपाच्या होत्या आणि त्या बहुतांशी प्रांतिक कौन्सिलांचे बिनसरकारी सभासद भरत. ते प्रांतिक सभासद स्वतः नगरपालिका, जिल्हा लोकल बोर्डे, विद्यापीठ अशा संस्थांकडून आलेले, आणि त्या संस्थांचे सभासद काही अंशी करदात्यांनी निवडलेले. म्हणजे पुण्याच्या एखाद्या करदात्याचे मत तीन जिने चढून कलकत्त्याला पोहोचत असे, आणि प्रत्येक जिन्यावर ते थोडे थोडे विरून जात असे. मुंबई इलाख्याच्या वाट्याला अशा दोन जागा होत्या व त्या भरणारे मतदार मोजून काही डझनच होते. जमीनदार आणि मुसलमान या दोन वर्गांना मिळून १२ जागा स्वतंत्रपणे दिल्या होत्या, तर बंगाल व मुंबई येथील व्यापारी मंडळांना, म्हणजे प्रामुख्याने युरोपीय व्यापाऱ्यांच्या चेंबरांना, एकेक जागा होती. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, ज्यात मतदारही मुसलमान आणि उमेदवारही मुसलमान, ही तरतूद आगाखानांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने १९०६ मध्ये सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंकडे केलेल्या मागणीतून आली. पुढच्या राजकारणावर तिचे जे परिणाम झाले ते सर्वश्रुत आहेत. १९१० पुरते एवढेच लक्षात घ्यायचे की कौन्सिलात शिरतानाच सभासद वेगवेगळ्या दारांनी शिरत होते आणि आपल्याला कोणाला जाब द्यायचा आहे याविषयीच्या त्यांच्या कल्पनाही त्यामुळे वेगवेगळ्या होत्या.

दारावर पहाराही होता. सहा महिन्यांहून अधिक कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला उमेदवारी करण्यास नियमांनी बंदी होती, आणि ज्याचा लौकिक व पूर्ववृत्त सार्वजनिक हिताला बाधक आहे असे सरकारला वाटेल त्यालाही वगळता येत असे. १८९५ मध्ये मुंबईच्या प्रांतिक कौन्सिलवर निवडून गेलेले बाळ गंगाधर टिळक या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते. ते बाहेर असते तरी या नियमाने त्यांना दार बंदच होते. गोखल्यांसारख्या मवाळांच्या राजकारणावर टीका करताना टिळकांच्या बाजूची जहाल पत्रे कौन्सिलला शोभेची वस्तू म्हणत, ती टीका सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. देशातला सर्वांत मोठा मतप्रवाह ज्या सभागृहात येऊच शकत नाही, त्याला लोकांचे प्रतिनिधित्व किती साधणार, हा सवाल खराच होता.

तरीही नव्या नियमांत एक मोलाची गोष्ट होती, ती म्हणजे ठराव मांडण्याचा हक्क. पूर्वी सभासदाला अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा भाषण करता येई, पण त्यावर मतदान नसे. आता कोणत्याही सार्वजनिक प्रश्नावर सरकारला शिफारस करणारा ठराव मांडता येऊ लागला आणि त्यावर मते मोजता येऊ लागली. सैन्य, परराष्ट्र संबंध, संस्थाने आणि न्यायालयापुढचे खटले हे विषय वर्ज्य होते, व्हाइसरॉय कोणताही ठराव नामंजूर करू शकत असे, आणि मंजूर झालेला ठरावही सरकारवर बंधनकारक नसे. प्रश्नोत्तरांत उपप्रश्न विचारण्याची सवलत मिळाली, तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. एवढ्या अटी घातल्यावर उरते काय, असे वाटेल; उरत होते ते हे की सरकारला उभे राहून कारणे द्यावी लागत, ती कारणे व मतदानाचे आकडे छापले जात, आणि वर्तमानपत्रांतून ती देशभर वाचली जात.

पहिल्या कौन्सिलात गोखल्यांखेरीज संयुक्त प्रांतांतले मदनमोहन मालवीय, बंगालचे भूपेंद्रनाथ बसू, बिहारकडचे सच्चिदानंद सिन्हा व मजहरुल हक, आणि मुंबईच्या मुसलमानांच्या जागेवरून आलेले तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना ही मंडळी होती. वऱ्हाडचे रघुनाथ नरसिंह मुधोळकरही पुढे त्यांना येऊन मिळाले. गोखले सोडले तर या सर्वांची बैठक वकिलीची होती, आणि कौन्सिलातले त्यांचे कामही दीर्घकाळ चाललेल्या एखाद्या दाव्यासारखे, कागदपत्रे लावून लढवलेले दिसते.

सुरुवात मात्र नामुष्कीचीच झाली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला होता आणि त्या वातावरणात फेब्रुवारी १९१० मध्ये सरकारने छापखान्यांचा कायदा आणला. नव्या छापखान्याच्या मालकाकडून जामिनाची रक्कम घेण्याचा आणि आक्षेपार्ह मजकूर छापला गेल्यास ती जप्त करण्याचा अधिकार त्याने अंमलदारांना मिळाला, म्हणजे गुन्हा शाबीत होण्याआधीच मालकाच्या खिशावर टाच ठेवण्याची ही व्यवस्था होती. हा कायदा मर्यादित मुदतीचा असावा, अशी गोखल्यांची सूचना होती. ती मान्य झाली नाही, तरी त्यांनी विधेयकाला विरोध केला नाही. विरोधात मत दिले ते केवळ मालवीय आणि बसू या दोघांनी. क्रांतिकारक हिंसेने सुधारणाच परत घेतल्या जातील ही मवाळांची भीती समजण्यासारखी आहे, पण या कायद्याने पुढच्या बारा वर्षांत देशी पत्रांचा जो छळ झाला तो पाहता, त्या दिवशी सत्तावीसपैकी दोघांचाच अंदाज बरोबर होता असे म्हणावे लागते.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला गोखल्यांनी नाताळचा ठराव मांडला. ऊस आणि चहाच्या मळ्यांवर, कोळशाच्या खाणींत काम करण्यासाठी हिंदी मजूर पाच वर्षांच्या कराराने, म्हणजे गिरमिटाने, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत नेले जात. करार संपल्यावर जे परत येत नसत किंवा नवा करार करत नसत, त्यांच्यावर दरसाल तीन पौंडांचा कर होता, आणि तो बायकांवर व वयात येणाऱ्या मुलामुलींवरही लागू होता. नाताळला मजूर पाठवणेच बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, अशी ठरावाची मागणी होती. चर्चेत जिनांनी तिथल्या वागणुकीला क्रूर म्हटले, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या व्हाइसरॉय मिंटोंनी हा शब्द साम्राज्याच्या एका मित्र भागाविषयी फार कडक असल्याचे सांगून त्यांना टोकले. त्यावर आपल्याला याहून कडक शब्द वापरावेसे वाटत होते, पण सभागृहाच्या मर्यादा आपण जाणतो, अशा आशयाचे उत्तर देऊन त्या तरुण सभासदाने आपला शब्द मागे घेतला नाही. ठराव सरकारने स्वीकारला, कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९११ पासून नाताळला गिरमिटिया मजूर जाणे थांबले. या यशाने हुरळून जाण्याचे कारण नव्हते, कारण नाताळच्या गोऱ्यांच्या वागणुकीने खुद्द हिंदुस्थान सरकारच अडचणीत आले होते आणि सभागृहाचे मत त्याला उपयोगी पडणारे होते. सरकारचे मन आधीच डळमळलेले असेल तेथे ठरावाचा धक्का लागू पडतो, एवढे मात्र या प्रकरणाने दाखवले.

मार्च १९१२ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने झालेली दोन मतदाने या कौन्सिलची सारी कहाणी सांगतात. ४ मार्च रोजी गोखल्यांनी गिरमिटाची पद्धत सर्वच वसाहतींसाठी पूर्णपणे बंद करावी असा ठराव आणला. त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना, जमेका, फिजी आणि डच सुरीनाम येथे ही भरती अजून चालूच होती. निरक्षर माणसाला जे कळत नाही अशा कागदावर त्याचा अंगठा घेतला जातो; काम सोडले तर एरवी दिवाणी ठरावा असा करारभंग येथे फौजदारी गुन्हा होतो; शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवण्याच्या नियमाने मळ्यांवरच्या वस्तीत जी अवस्था होते ती सांगण्याजोगी नाही; आणि आत्महत्यांचे प्रमाण तर सरकारी अहवालांतच छापलेले आहे, अशी एकामागून एक कलमे त्यांनी मांडली. मते मोजली गेली तेव्हा ठरावाच्या बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ पडली. ठराव हरला, पण हिंदी बिनसरकारी बाजू एका दिशेला आणि सरकार दुसऱ्या दिशेला अशी रेघ त्या आकड्यांनी स्वच्छ ओढली, आणि हा ठराव मान्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहील, हे गोखल्यांनी तिथेच सांगून टाकले.

१८ आणि १९ मार्चला त्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावर चर्चा झाली. हे विधेयक त्यांनी मार्च १९११ मध्ये मांडले होते आणि वर्षभर त्यावर देशभरातून मते मागवली गेली होती. त्यातली सक्ती किती सावधपणे बेतली होती हे आज वाचताना नवल वाटते. सक्ती लगेच कोठेच लागू होणार नव्हती. ज्या भागात मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, आणि गोखल्यांच्या मनात ते ३३ टक्क्यांच्या आसपास होते, तेथेच नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने, तेही सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी ती सुरू करावी. मुलींना पुढे यथावकाश लागू करावी. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकतीच्या पालकांना फी माफ असावी. खर्चासाठी स्थानिक संस्थेला परवानगीने शिक्षणपट्टी बसवता यावी, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ पासून संस्थानभर सक्तीचे शिक्षण चालवून दाखवले होते, त्यामुळे हे हिंदुस्थानात अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. विरोधकांनी मग देश अजून तयार नाही, पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांनाच सक्ती नको आहे, असे मुद्दे पुढे केले, आणि शिक्षणखात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनी सक्तीऐवजी आपखुशीने शिक्षण वाढवण्याचे धोरण मांडले. विधेयक निवडसमितीकडे, म्हणजे तपशिलाची छाननी करणाऱ्या सभासदांच्या छोट्या समितीकडे, पाठवावे एवढीच गोखल्यांची मागणी होती. तीही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली.

या १३ चा विचार करायला हवा. पंधरा दिवसांपूर्वी परदेशातल्या मजुरांसाठी २२ मते उभी राहिली होती. घरच्या मुलांच्या शाळेसाठी ती १३ वर आली. म्हणजे सरकारी बहुमत हा जरी ठरलेला अडथळा असला, तरी या दुसऱ्या पराभवाचे सारे खापर त्याच्या माथी मारता येत नाही. जमीनदारांच्या जागांवरून आलेल्यांना शिक्षणपट्टी कोणाच्या खिशातून जाणार आणि शेतावरची पोरे शाळेत गेली तर गुरे कोण राखणार, हे नीट कळत होते. स्वतंत्र मतदारसंघांतल्या काहींना शाळेत कोणती भाषा चालेल याची चिंता होती. त्रिनिदादच्या मळेवाल्यांविरुद्ध मत देताना यांपैकी कोणालाच आपल्या घरातले काही सोडावे लागत नव्हते. मतदारसंघ इतके अरुंद आणि वर्गवार आखल्यावर लोकनियुक्त सभासदही सगळ्या लोकांचे नसतात, हे त्या दिवशी उघडे पडले, आणि या गोष्टीची चर्चा मवाळ लेखकांनी पुरेशी केली नाही असेच म्हणावे लागते. त्यांनी दोष बहुतेक सरकारवरच ठेवला. गोखल्यांना मात्र निकाल आधीच ठाऊक होता. विधेयक फेटाळले जाणार हे आपल्याला माहीत आहे, पण आपल्या पिढीने अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, अशा आशयाचे त्यांचे शब्द त्या चर्चेत नोंदले गेले. सरकारने २१ फेब्रुवारी १९१३ च्या शिक्षणविषयक ठरावात सक्तीचे तत्त्व पुन्हा नाकारले, पण प्राथमिक शिक्षणाचा विस्तार व त्यासाठी जादा पैसा ही जबाबदारी मान्य केली. दोन वर्षांच्या गाजावाजाचा एवढा परिणाम झाला.

खाजगी सभासदाने आणलेले विधेयक मंजूर झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे जिनांचे वक्फविषयक विधेयक. मुसलमान कुटुंबांनी आपल्याच वंशजांसाठी केलेली वक्फ, म्हणजे धर्मादाय स्वरूपाची मालमत्तेची तजवीज, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने अवैध ठरली होती. ती पुन्हा वैध करणारा हा कायदा १९१३ मध्ये मंजूर झाला. सरकारचे त्यात काही जात नव्हते, हे त्याच्या यशाचे अर्धे कारण होते. उलट भूपेंद्रनाथ बसू यांचे निरनिराळ्या धर्मजातींच्या माणसांना नोंदणी पद्धतीने विवाह करता यावा असे विधेयक, सरकारलाही नको आणि सनातनी मंडळींनाही नको, म्हणून १९१२ मध्ये पडले.

तोवर कौन्सिल कलकत्त्याहून उठले होते. डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि हिवाळी अधिवेशने तेथे भरू लागली. उन्हाळ्यात सिमल्याला जी अधिवेशने होत, त्यांना लांबून येणारे बिनसरकारी सभासद थोडेच असत. गोखले १९१२ पासून नोकऱ्यांविषयीच्या शाही कमिशनच्या कामात गुंतले, प्रकृतीही ढासळत गेली, आणि कौन्सिलचा पहिला जोम त्यांच्याबरोबर थोडा ओसरला.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले तेव्हा हिंदुस्थान आपोआप युद्धात ओढला गेला. कौन्सिलला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ८ सप्टेंबरला सिमल्याला कौन्सिल भरले आणि बिनसरकारी सभासदांनी राजनिष्ठा व्यक्त करणारा, तसेच ब्रिटनवर पडलेल्या युद्धखर्चाचा काही भार हिंदुस्थान उचलील असे सांगणारा ठराव एकमताने मंजूर केला. गोखले त्या वेळी युरोपात होते. वास्तविक १८५८ च्या कायद्याप्रमाणे हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या मोहिमांसाठी इथला महसूल वापरायला ब्रिटिश पार्लमेंटची संमती लागे, आणि कौन्सिलच्या सभासदांना लष्करी खर्चावर ठरावही मांडता येत नसे. जो पैसा अडवण्याचा अधिकार नव्हता तो देण्याचा ठराव मात्र करता आला, हा प्रकार विचित्रच होता. पण यातून युद्धानंतर राजकीय हक्क पदरात पडतील अशी त्यांची खरोखरीची अपेक्षा होती, निव्वळ खुशामत त्यामागे नव्हती. १९१७ साली हिंदुस्थानने युद्धासाठी ब्रिटनला दहा कोटी पौंडांची देणगी जाहीर केली.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले. त्यांनी १९१२ मध्ये हरलेला गिरमिटाचा ठराव मालवीयांनी मार्च १९१६ मध्ये पुन्हा मांडला. या वेळी व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तो स्वीकारला, आणि पुढच्याच वर्षी गिरमिटाची भरती थांबली. शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कौन्सिलात पुन्हा उभे राहिले नाही, पण मुंबईच्या प्रांतिक कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी तशाच धर्तीचे विधेयक आणले आणि १९१८ मध्ये ते मंजूर करून घेतले. सक्ती लागू करायची की नाही हे त्यातही नगरपालिकेनेच ठरवायचे होते, सरकारची मंजुरी त्यातही लागत होती. फरक एवढाच की मुंबई शहर वगळता इलाख्यातल्या नगरपालिकांना त्या कायद्याने मुलांना सक्तीने शाळेत आणण्याचा अधिकार प्रथमच मिळाला.